बिनचिठ्ठीचा शर्ट

सोमवार, ४ तारीख

नोकरी मिळाली! आरशासमोर उभी राहून खोटं बोलायची केवढी तालीम केली होती मी, आणि लाँड्रीच्या मालकानं विचारलं काय, तर उद्यापासून जमेल का. मी म्हटलं, उद्या कशाला, आत्ताच बसते. त्यानं लगेच माझ्यापुढे उसवलेल्या पँटींचा ढीग आणून ठेवला. काम साधं आहे. धुवायला आलेल्या कपड्यांची तुटकी बटणं लावायची, रफू करायचं, चेन बदलायची. आमच्या घरात पाळण्याच्या आधी शिवणयंत्र आलं होतं, त्यामुळे ही कामं मी झोपेतसुद्धा करीन.

खोलीही बरी मिळाली, दोन गल्ल्या पलीकडे, चप्पल-दुरुस्तीच्या दुकानावर. पलंग करकरतो, पण नळाला गरम पाणी येतं आणि सकाळचं ऊन थेट उशीवर पडतं. घरमालकीण ठार बहिरी आहे. म्हणजे ती मला काही विचारणार नाही आणि मला काही सांगावं लागणार नाही.

वकीलबाईंनी बजावलंय की दिसेल ते रोज लिहून ठेव, कामाचं काय आणि बिनकामाचं काय ते मी बघीन. तर लिहिते. पुढे काउंटर आणि घंटी. मागे धुण्याची खोली: दोन मोठी यंत्रं, बॉयलर, आणि डाग भिजवायचा सिमेंटचा हौद. मधल्या खोलीत इस्त्रीची टेबलं आणि खिडकीशी माझं शिवणयंत्र. छताखालून सगळ्या खोल्यांतून एक लोखंडी पट्टी फिरते. तिला हँगर अडकवलेले. बटण दाबलं की तयार कपडे एकामागून एक डोक्यावरून फिरत काउंटरपाशी जातात. मला भारी गंमत वाटली. रिकाम्या माणसांची वरातच ती. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आकड्याची कापडी चिठ्ठी टाचलेली असते. चिठ्ठी नसलेला कपडा या दुकानात असूच शकत नाही, असं मालक अभिमानानं म्हणाला.

सगळ्यात मागे एक लहान खोली आहे. आता तिथे साबणाची पोती असतात. मालकीणबाईंना तिथे मारलं.

मी का आले ते एकदाच लिहिते, म्हणजे रोज लिहावं लागणार नाही. माझा धाकटा भाऊ या दुकानात कपडे घरपोच करायचा. मालकीणबाईंच्या खुनाबद्दल त्याला फाशी झाली आहे. वरच्या कोर्टात शेवटची सुनावणी या महिन्यात आहे, आणि त्याला वाचवू शकेल अशी एकच वस्तू होती. ती हरवली आहे. मी ती शोधायला आले आहे. मी त्याची बहीण आहे हे इथे कुणाला माहीत नाही.

वस्तू म्हणजे एक पांढरा शर्ट.

मंगळवार, ५ तारीख

आज माणसं लिहिते. मालक म्हणजे मालकीणबाईंचा भाचा. गोरा, गुबगुबीत, मान अशी नाहीच, खांद्यावर थेट डोकं ठेवलंय. मावशीचं नाव निघालं की डोळे भरून येतात. मावशी गेली आणि दुकान याच्या पदरात पडलं, हेही खरं.

धुण्याच्या खोलीत काका असतात. सगळे काकाच म्हणतात. माणूस एवढासा, हौदात उतरला तर सापडायचा नाही, पण कुठला डाग कशानं जातो ते त्यांना पाठ. शाई, गंज, तेल, रक्त. माझ्याशी फार प्रेमानं बोलतात. दुपारी स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं, वर म्हणाले, ‘खा पोरी, वाऱ्यानं उडून जाशील.’ मी! मला दारातून आडवं यावं लागतं.

समोरच्या इमारतीत दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचे पांढरे कोट इथे धुवायला येतात. रुंद खांद्यांचा, देखणा माणूस, हसला की स्वतःच्या धंद्याची जाहिरात करतो. मालकीणबाई हयात असताना दुपारी मागच्या खोलीत चहाला येऊन बसायचे म्हणे. हे भाच्यानं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर उगाच सांगितलं असं म्हणाला.

गुरुवार, ७ तारीख

शर्टाची हकिकत आज काकांच्या तोंडून ऐकली. कोर्टाच्या कागदात वाचली होती, पण त्यांनी सांगितल्यावर रडावं की हसावं कळेना.

मालकीणबाई सकाळी सापडल्या. डोक्यात जुनी लोखंडी इस्त्री घातलेली. बॉयलरच्या मागे रक्तानं भरलेला पांढरा शर्ट कोंबलेला होता, चिठ्ठी नसलेला. पोलिसानं तो उचलून पिशवीत घातला, पिशवी काउंटरवर ठेवली आणि मोहोर करायला लाख आणायला बाहेर गेला. दुकानात गर्दी, रडारड, त्यात रोजची गिऱ्हाइकं गाठोडी टाकून जात होती. काकांनी सवयीनं सगळ्या पिशव्या आत ओढल्या. रक्ताचा डाग दिसला, गार पाणी आणि मीठ. मग साबण, मग नीळ. वाळवला, इस्त्री केली, हँगरला लावून पट्टीवर चढवला. मालकीण मागच्या खोलीत मेलेली, आणि हा माणूस तिच्या खुनाचा पुरावा परीटघडी करून ठेवतोय!

पोलिसांच्या साहेबांनी काकांची आईमाई काढली, शर्ट पुन्हा पिशवीत भरला, मोहोर केली. खटल्यात पिशवी उघडली तर मोहोर शाबूत आणि आत काही नाही. मग साक्षीदारांना विचारलं, शर्ट केवढा होता. भाचा म्हणाला, रुंद खांद्यांचा. काका म्हणाले, लहान, किरकोळ माणसाचा. साहेब म्हणाले, लांब बाह्यांचा. तिघांची तीन मापं. न्यायाधीशांनी तिन्ही बाजूला ठेवली, आणि मालकीणबाईंनी आदल्याच दिवशी सकाळी चारचौघांत कामावरून काढलेला, खिशात दुकानाची किल्ली असलेला माझा भाऊ तेवढा समोर ठेवला.

काका शर्टाबद्दल बोलताना हात सारखे पुसत होते. हात कोरडे होते.

रविवार, १० तारीख

तुरुंगात जाऊन आले. त्याला आम्ही बगळ्या म्हणतो. उंच नि बारीक, आणि हात गुडघ्यापर्यंत. आई म्हणायची, देवानं बाह्या बेतताना टेप वाकडी धरली. बाजारात त्याच्या मापाचा शर्ट जन्मात मिळाला नाही. त्याचे सगळे शर्ट मी शिवले, आणि दर वर्षी कफाच्या वर नवा जोड लावत गेले. तो जोड सुटू नये म्हणून मी तिथे उलट सुलट अशी दुहेरी टीप घालते. ती खोड माझी एकटीची. वकीलबाईंचं सगळं म्हणणं या हातांवर उभं आहे. शर्ट एकदा सापडला की भर कोर्टात याच्या अंगात घालायचा. बाही कोपराच्या खाली आली नाही की संपलं.

बगळ्या वाळलाय. माझे गुडघे कसे आहेत विचारलं, घरचा गळका नळ दुरुस्त केला का विचारलं. मी भाचा, काका, डॉक्टर यांच्याबद्दल तावातावानं सांगत होते. तो नुसतं ‘बघू’ म्हणाला. एका शब्दानं कुणाला दोष दिला नाही. मग केलं कुणी, एवढंसुद्धा इतक्या महिन्यांत त्यानं मला विचारलेलं नाही. असा भोळा सांब! म्हणून तर सगळ्यांनी मिळून याला गाठलं.

निघताना त्यानं जाळीवर हात टेकला. बोटं माझ्या कपाळापर्यंत आली. मी बाहेर येऊन रस्त्यावर बसकण मारली आणि पोटभर रडले.

मंगळवार, १२ तारीख

आज काम कमी होतं, डोकं चालू होतं.

भाचा. दुकान त्याला मिळालं. पण त्या दिवशी तो इस्पितळात होता, पित्ताचे खडे काढायला. मोहोर करण्याआधी साहेबांनी शर्ट त्याला तिथेच नेऊन दाखवला म्हणे. इस्पितळाचा कागद कोर्टात लागलाय. कागदाचं काय, कागद म्हणजे ब्रह्मवाक्य आहे का?

काका. पुरावा यांनीच धुतला. सवयीनं म्हणतात. इतकी वर्षं रक्ताचे डाग काढणाऱ्याला त्या सकाळी रक्त बघून काही वाटलं नाही? आणि मालकीणबाई नवीन यंत्र आणून यांना घरी बसवणार होत्या. पण त्या इस्त्रीचं वजन यांना पेलेल असं वाटत नाही.

डॉक्टर. दुपारचा चहा मध्येच का बंद झाला? कुणी सांगत नाही. तेवढ्यावर माणसाला फासावर चढवता येत नाही. अर्थात माझ्या भावाला याहून कमी गोष्टींवर चढवतायत.

कुणीही चालेल मला. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे. तिघांतला कुणीही चालेल, फक्त बाही आखूड हवी.

बुधवार, १३ तारीख

सापडला!

दुपारी भाच्याशी गप्पा मारत होते. तो सहज म्हणाला की इस्पितळातून त्याला खरं तर खुनाच्या आदल्या दिवशीच सोडणार होते. मी मनात म्हटलं, अस्सं! म्हणजे तूच रे तो! तेवढ्यात काउंटरवर कुणीतरी बटण दाबलं. कपडे माझ्या डोक्यावरून फिरायला लागले. कोट, फ्रॉक, पडदे, आणि त्यांच्यामागे एक पांढरा शर्ट. कॉलरला चिठ्ठी नाही.

मी स्टुलावर चढून काढला. कडक इस्त्री. टेप लावली. रुंद गळा, ढगळ पोट, आखूड बाह्या. भाच्याच्या अंगावर चपखल बसेल असा. उजव्या कफावर फिकट पिवळा डाग, बघणाऱ्यालाच दिसेल इतका. शर्ट शिवणकामाच्या खणात तळाशी ठेवला, कुलूप लावलं, आणि दुपारच्या सुट्टीत वकीलबाईंना फोन केला. त्या फोनवर ओरडल्याच. आजच कोर्टात अर्ज देते म्हणाल्या.

बगळ्या, सुटलास रे.

शुक्रवार, १५ तारीख

माझी मापात चूक झाली असावी. माझी! जन्मात झाली नाही ती.

सकाळी भाच्यानं पोटावरची खूण दाखवली, हातभर, आणि नर्सनं त्या दिवशी त्याला दोन माणसांच्या आधारानं कसं उठवलं ते रडत सांगितलं. माणूस खोटं बोलत नव्हता. मग मनात आलं, राहिले काका. पुरावा तर यांनीच धुतला. मी खण उघडला. शर्ट ओलसर लागला. टेप लावली तर गळा बारीक, खांदे अरुंद. दहा-बारा वर्षांच्या मुलाला होईल एवढा. काकांना होईल एवढा.

दुसरा शर्ट असेल म्हणून खण पालथा केला. एकच आहे. कफावरचा डाग आता तपकिरी दिसतोय.

खणाची किल्ली माझ्या गळ्यात असते.

शनिवार, १६ तारीख

मुद्दाम केलं. नीट लिहिते, कारण उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना, इस्त्रीवाल्या बायका शेजारी बडबडत असताना, शर्ट मांडीवर घेतला आणि डॉक्टरांबद्दल मनापासून वाईट विचार केला. त्यांचं हसू, तो चहा, ती बंद खोली. तेच असणार, दुसरं कोण. कापड मांडीवर हललं. शिवण ताणताना येतो तसा बारीक आवाज आला आणि खांदे रुंद झाले. हात लावून बघितलं. रुंद झाले होते. मग भाच्याला मनात आणलं. पोट सुटलं. मग काका. सगळा आक्रसून माझ्या मांडीत गोळा झाला.

ज्याच्यावर संशय, त्याचं माप.

एक इस्त्रीवाली म्हणाली, कुणाचा गं एवढा छोटा शर्ट, गोड आहे. मी हसले. कशी हसले कोण जाणे.

डाग आता लाल आहे. ओला आहे. बोटाला लागला.

रविवार, १७ तारीख

तुरुंगात गेले नाही. पहिल्यांदाच. तोंड दाखवायची भीती वाटली, कशाची ते कळत नाही.

काकांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातली शर्टाची पिशवी बघितली आणि खाली बसले. त्यांना मी कोण ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी धागा दातानं तोडते आणि तोडल्यावर मान झटकते, बगळ्या गाठोडी बांधताना तसंच करायचा म्हणाले. तरीही डब्यातलं अर्धं मला देत राहिले. मी या माणसाला फासावर द्यायला निघाले होते.

त्यांनी सगळं सांगितलं. त्या सकाळी हौदातून शर्ट काढला तेव्हा साधा होता. इस्त्री करताना त्यांना आठवलं की मालकीणबाईंनी यंत्राचा विषय काढल्यावर आपण मनातल्या मनात त्यांना मर म्हटलं होतं. आणि इस्त्रीखाली शर्ट लहान होत गेला, त्यांच्या मापाचा झाला. तेव्हापासून त्यांना आपल्याच हातांची खात्री नाही. साहेबांनी शर्ट उचलला तेव्हा त्यांच्या मनात कोण होतं ते उघड आहे. भाच्याचा संशय डॉक्टरांवर. प्रत्येक जण कोर्टात खरं बोलला. पिशवीतून तो पुन्हा पट्टीवर आला. काकांनी किती वेळा धुतला, जाळला, तरी फिरत फिरत येतोच.

मी म्हटलं, आता काय करू, भर कोर्टात तो बगळ्याच्या अंगात घालणार आहेत.

काका म्हणाले, मग घाबरतेस कशाला? ज्याच्या अंगात असतो त्याच्या मनातलं माप तो घेतो. त्यानं केलं नसेल तर त्याच्या मनात दुसरं कुणीतरी असेलच की. त्याला होणारच नाही. घालू दे त्याला.

बरोबर आहे. अगदी बरोबर आहे.

मग मी घरी येताना जिन्यात का बसून राहिले?

सोमवार, १८ तारीख

वकीलबाईंचा फोन. अर्ज मंजूर झाला. बुधवारी शर्ट हजर करायचा, आरोपीला सर्वांसमक्ष घालायचा. त्या आनंदात होत्या. मी म्हटलं, नाही आणला तर? त्या थंडपणे म्हणाल्या की सापडलेला पुरावा पुन्हा हरवला असं मी कोर्टात सांगितलं, तर तुमच्या भावाला मी काय, देवही वाचवणार नाही.

आगीतून फुफाट्यात.

काकांचं वाक्य डोक्यातून जात नाही. त्यानं केलं नसेल तर त्याच्या मनात दुसरं कुणीतरी असेलच.

मग कुणाचंच नाव कसं घेत नाही तो? गुडघे कसे आहेत. नळ दुरुस्त केला का. इतक्या महिन्यांत एकदाही — केलं कुणी, ताई?

नाही विचारलं त्यानं.

साधा आहे म्हणून. भोळा आहे म्हणून. मीच लिहिलंय वर. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, लोक म्हणतील. म्हणू देत. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय.

शर्ट सकाळीच खणात परत ठेवला, पुन्हा काढलेला नाही. खणाच्या फटीतून जमिनीवर थेंब पडला होता. काकांनी पुसला. गार पाणी, मीठ.

मंगळवार, १९ तारीख

ठरवलं. त्याला तो घालूच द्यायचा नाही.

मीच घालून जाईन. वरून कोट. नाव पुकारलं की कोट काढून सांगेन, शर्ट माझा आहे, बघा मापाला. भावाला कामावरून काढलं म्हणून भांडायला आले होते, डोक्यात राख घालून घेतली, इस्त्री हाताशी होती. तो मला वाचवायला गप्प बसलाय. बसेल विश्वास. त्याचं गप्प बसणंही त्यात बसतं. सगळंच बसतं.

फक्त शर्ट माझ्या मापाचा राहायला हवा. म्हणजे माझा माझ्यावर संशय हवा. तेवढं जमायला पाहिजे. खोटं बोलायची तालीम मी आधीही केली आहे.

काकांना सांगितलं. ते हौदाच्या काठावर बसून लहान पोरासारखे रडले. म्हणाले, पोरी, तुला कळतंय का तू काय कबूल करतेयस? मी म्हटलं, खून. ते म्हणाले, ते नाही गं.

मी खणातून शर्ट काढून घेतला आणि निघाले.

बुधवार, २० तारीख. सकाळ

कोर्टाला निघायला वेळ आहे. माझ्या खोलीत आहे. ऊन उशीवर आलंय. खाली चप्पलवाल्याचा हातोडा चालू आहे.

लिहीत राहिले तर मन एका जागी राहील.

घातला. गार आहे. कफ ओला आहे, मनगटाला चिकटतोय. बटणं लावली.

मी केलं. मी मागच्या दारानं आत गेले. ती साबण मोजत होती. मी इस्त्री उचलली. मी.

माझ्या मापाचा होतोय. छातीत बसला. खांदा बरोबर खांद्यावर. मी केलं. बाही मनगटावर, अगदी मनगटावर. जमलं. बगळ्या, जमलं रे — 

आता उठायचं, कोट घालायचा, आणि वाटेत दुसरं काही मनात आणायचं नाही. जिना, रस्ता, कोर्ट. मी केलं. तो समोर उभा असेल. त्याच्याकडे बघायचं नाही. त्यानं केलं नाही. मला माहीत आहे त्यानं केलं — 

नाही. केलं नाही म्हणायचं होतं.

मी केलं. मी. डॉक्टरांनी. भाच्यानं. कुणीही — कुणीही चालेल — 

त्यानं विचारलं का नाही मला —

बाही तळहातावर आली.

दुमडली. पुन्हा आली. खाली खाली येतेय. गळा सैल. खांदे उतरले. मी केलं मी केलं मी — बोटं झाकली. अरे माझ्या राजा, तुझ्यावर नाही रे माझा — आईची शपथ — कधीच नव्हता — 

कफाच्या वर जोड आहे. पांढरा, नवा. उलट सुलट — दुहेरी टीप. माझी टीप आहे ही — हा शर्ट मी शिव —

दारावर वकीलबाई. हाका मारतायत. शर्ट आणताय ना — 

काढता येत नाही. बटणं हाताला लागत नाहीत, बाही हाताच्या पुढे — पेनाच्या पुढे — कागदावर लाल — 

बगळ्या, एकदा विचार ना मला. एकदाच म्हण, ताई, मग केलं कु